राजमाचीला झोळीत काढलेली रात्र

निवृत्तीनंतर वर्षातून एक तरी किल्ला पाहावयाचा, असा माझा नेम होता. दोन वर्षांपूर्वी तो मोडला. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा असे बारा किलोंचे ओझे पाठीवर घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेत उजवा गुडघा असा धरला की नातवाच्या खांद्यावर हात ठेवून परतावे लागले. डॉक्टरांनी चालण्यास मनाई केली नाही, ओझ्यास केली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र दोन्हींचा अर्थ एकच लावला.

आयुष्यभर बँकेत इतरांचे ताळेबंद तपासले. आता स्वतःच्या पाठपिशवीचा ताळेबंद मांडावयास बसलो. स्वयंपाकघरातील काट्यावर एकेक वस्तू ठेवली. तंबू २६०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग १५००, अंथरावयाची घडी ४००. म्हणजे केवळ निजण्यासाठी साडेचार किलो! नातवाने उपाय सुचविला तो हॅमॉकचा, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगावयाच्या झोळीचा. नायलॉनची झोळी ५०० ग्रॅम, पट्टे २५०, मच्छरदाणी ३००, अवकाळी पावसासाठी वर ताणावयाचे पातळ कापड ५०० आणि सुती चादर ३५०. बेरीज १९००. मार्चअखेरचा उन्हाळा असल्याने स्लीपिंग बॅगेची गरज नव्हती. नातू म्हणाला, "आजोबा, फोमचा तुकडा आणि शाल घ्याच." दोन्ही मिळून ५०० ग्रॅम. मी ती खर्चाची बाब छाटून टाकली आणि २६०० ग्रॅमची बचत झाली म्हणून मनाशी खूश झालो.

ठिकाण निवडले राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे १५ किलोमीटरांची वाट आहे. लांब असली तरी बरीचशी सपाट, म्हणजे माझ्या गुडघ्यास सोसणारी. पहाटे निघालो, सावली दिसेल तेथे बसलो आणि दुपार कलता कलता पायथ्याच्या उधेवाडीत पोहोचलो. गावाच्या माथ्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे जुळे बालेकिल्ले उभे आहेत. हा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. जवळच उदयसागर तलाव आणि शंकराचे जुने मंदिर आहे. ज्यांच्या घरी उतरलो, त्यांनी आमच्या विनंतीनुसार कांदा-लसूण न घालता पिठले-भाकरी केली आणि सूर्यास्तापूर्वी वाढलीही.

त्यांच्याच परवानगीने अंगणापलीकडील दोन आंब्यांना झोळ्या टांगल्या. टांगण्याचेही शास्त्र आहे. झाड जिवंत व भक्कम हवे. वर वाळकी फांदी, मोहोळ किंवा मुंग्यांची घरटी नाहीत ना, हे आधी पाहावे. दोरी सालीत रुतते, म्हणून रुंद पट्टेच वापरावेत. पट्टे ताठ ओढू नयेत. जमिनीशी सुमारे ३० अंशांचा कोन राहील इतकी ढील असावी. झोळीची उंची खुर्चीएवढी असावी, म्हणजे बसताना-उठताना गुडघ्यास त्रास होत नाही. आणि निजावे ते तिरपे. सरळ निजल्यास पाठीचे धनुष्य होते. तिरपे निजल्यास पाठ जवळजवळ सपाट राहते.

पहिला प्रहर स्वर्गीय गेला. जमिनीची ऊब नाही, खडा नाही, विंचवाची धास्ती नाही. मच्छरदाणीतून आंब्याच्या पानांआडचे तारे दिसत होते. परंतु मध्यरात्रीनंतर दरीतून वारा सुटला. पाठ गार पडू लागली. चादर दुहेरी करून अंगावर घेतली, पाय पोटाशी घेतले, व्यर्थ! तीनच्या सुमारास कुडकुडत उठून ओटीवर आलो, तेव्हा घरातील आजीबाई जाग्या झाल्या. त्यांनी झोळीखालून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आवं, खालनं वारा लागतोय. वरनं किती बी पांघरा, काय उपेग? पोराच्या झोळीत बी खाली गोधडी घालत्यात." आणि आतून एक गोधडी आणून त्यांनी स्वतःच्या हाताने झोळीत अंथरली.

त्या एका वाक्यात सारे आले होते. जमिनीवर निजलेल्या माणसास वारा वरूनच लागतो. टांगलेल्या माणसाच्या खालूनही तो वाहतो आणि पाठीची ऊब घेऊन जातो. जाड पांघरूण अंगाखाली घेतले तरी वजनाने दबते, त्यातील हवा निघून जाते आणि ऊब राहत नाही. म्हणून खाली न दबणारे काही हवे: फोमचा तुकडा किंवा दाट शिवलेली गोधडी. उन्हाळ्यात वर साधी चादर पुरते, पण पाठीखालचा थर टाळता येत नाही. माझ्या आईने जुन्या लुगड्याची झोळी करून आम्हा भावंडांना वाढविले. तिच्याही झोळीत दुपटे असेच. साठी उलटल्यावर ते मला नव्याने शिकावे लागले.

सकाळी गोधडीची घडी घालताना मला बँकेतील एक जुना शब्द आठवला: तरतूद. वर्षाचा नफा मोठा दिसावा म्हणून बुडीत कर्जाची तरतूद कमी केली, तर तो नफा खरा नसतो. मीही ५०० ग्रॅमची तरतूद छाटून बचत फुगविली होती. खरी बचत २१०० ग्रॅमचीच होती, आणि तीही काही थोडी नव्हे! कारण त्याच बचतीच्या बळावर मी त्या सकाळी, सावकाश का होईना, श्रीवर्धनच्या माथ्यावर पोहोचलो. गुडघ्याने कुरकुर केली, तक्रार केली नाही.

माथ्यावरून सौभाग्यवतींना फोन लावला आणि रात्रीची फजितीही लपविली नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "गोधडी परत केलीत ना? आणि त्या आजींना विचारा, त्यांना काय पाठवू?"

पुढील महिन्यात आम्ही पुन्हा उधेवाडीस गेलो. पिशवीत फोमचा तुकडा होता, शाल होती आणि आजीबाईंसाठी सौभाग्यवतींनी दिलेले नऊवारी लुगडे होते. त्याचे वजन मात्र मी केले नाही.