आमच्या दारचा थांबा

आमच्या मातोश्रींनीं नुकतीच वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडलीं. त्यांचें बालपण दादरच्या हिंदु कॉलनींत गेलें, आणि कोणाच्याहि नव्या घराची वार्ता कानीं आली कीं, "ट्राम कुठवर येते?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. ट्राम मुंबईंतून ३१ मार्च १९६४ रोजीं कायमची गेली हें त्यांस पक्कें ठाऊक आहे. पण वाहन गेलें तरी प्रश्न गेला नाहीं.

२०२२ च्या पावसाळ्यांत आम्हीं सदाशिव पेठेंतील भाड्याची जागा सोडली आणि पुण्याच्या पश्चिम टोंकास, कालपरवांपर्यंत खेडें असलेल्या एका गांवाच्या शिवारांत, सातव्या मजल्यावर सदनिका विकत घेतली. गांवाचें नांव सांगत नाहीं; पुढें जी हकीकत यावयाची आहे तींत आमच्या शेजाऱ्यांच्या आणि आमच्याहि अब्रूचा प्रश्न आहे. नव्या घरीं पाऊल टाकलें त्या दिवशीं मातोश्रींनीं गॅलरींत उभें राहून समोरची टेकडी पाहिली, पसंतीची मान हालविली, आणि आम्हीं ओळखलेंच होतें त्याप्रमाणें तो प्रश्न विचारला. आम्ही म्हणालों, "आई, आपली गाडी आहे ना आता." त्या म्हणाल्या, "ते तुझं झालं रे. मावशी कशा यायच्या?"

मावशी म्हणजे आमच्याकडे चौदा वर्षें स्वयंपाकास येणाऱ्या बाई. पेठेंत असतांना त्या जवळच्याच एका वाड्यांत दोन खोल्यांत राहत. आमच्या घरापासून पांच मिनिटांची वाट. पुढें तो वाडा पाडून तेथें इमारत बांधण्याचें ठरलें, भाडेकरूंच्या हातीं थोडी रक्कम पडली, आणि त्या रकमेंत शहरांत खोली मिळण्यासारखी नसल्यामुळें त्या हडपसरच्याहि पलीकडे राहावयास गेल्या. अशा रीतीनें एकाच वर्षांत आम्ही पश्चिमेस सरकलों आणि त्या पूर्वेस. दोघांनाहि हालविणारी शक्ति एकच होती: जुन्या शहरांतील जमिनीचा भाव. परंतु मातोश्रींना दुसऱ्या हातची पोळी गोड लागेना. आम्हीं पगार वाढवून दिला आणि मावशी येत राहिल्या. पहांटे साडेपांचला घर सोडावयाचें, दोन बसगाड्या बदलावयाच्या, दुसरी बस जुन्या गांवांतील मारुतीच्या देवळापाशीं थांबली कीं तेथून आमच्या फाटकापर्यंत दीड किलोमीटर चालावयाचें. दुपारीं हाच प्रवास उलट. घड्याळ लावून हिशेब करण्याचें धैर्य आम्हांस कधीं झालें नाहीं.

मातोश्रींचा प्रश्न आम्ही पूर्वीं म्हातारपणाचा छंद समजत असूं. नंतर लक्षांत आलें कीं, ज्या वस्तींत त्या वाढल्या तिच्या जन्मकथेंतच तो प्रश्न होता. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला. त्या भयानें १८९८ मध्यें सरकारनें शहर-सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. आणि या ट्रस्टनें दादर, माटुंगा, शिंव या भागांत रस्ते, गटारें व मोकळ्या जागा आंखून मग भूखंड दिले. ट्राम दादरला येऊन संपत असे, म्हणून त्या चौकास टी. टी. हें नांव पडलें; तें ट्राम जाऊन साठ वर्षें झालीं तरी पुसलेलें नाहीं. ट्रस्टचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. तो लोकनियुक्त नव्हता, आणि त्यानें गरिबांच्या चाळी पाडल्या त्या मानानें त्यांच्यासाठीं बांधल्या थोड्या, हा आक्षेप तेव्हांहि होता. पण १९३३ मध्यें ट्रस्टचें काम मुंबई महापालिकेकडे आलें, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजीं ट्राम, बस व वीज यांची कंपनीहि तिच्याच मालकीची झाली. म्हणजे ज्या सभागृहांत घरांची चर्चा व्हावयाची त्याच सभागृहांत बसची चर्चा होऊं लागली, आणि दोन्हींबद्दल जाब विचारावयास एक नगरसेवक होता.

पुण्याची गोष्टहि आरंभीं अशीच होती. १५ फेब्रुवारी १९५० रोजीं येथें महापालिका झाली आणि त्याच वर्षीं तिनें शहरांतील खाजगी बससेवा आपल्या हातीं घेतली. पी. एम. टी. हीं तीन अक्षरें आमच्या पिढीला मराठी शब्दासारखीं झालीं होतीं. २००७ मध्यें पुणें व पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससंस्था एक करून त्यांची कंपनी करण्यांत आली. तोटा येईल तो पुण्यानें शेंकडा ६० व पिंपरी-चिंचवडनें शेंकडा ४० सोसावा असें ठरलें. तोटा हा शब्द येथें आम्हांस नेहमीं खटकतो. उड्डाणपुलावर कोट्यवधि रुपये खर्च होतात आणि तो दमडीहि मिळवीत नाहीं, पण त्याला तोटा झाला असें कोणी म्हणत नाहीं. बसनें मात्र स्वतःचें पोट स्वतः भरलें पाहिजे.

आम्ही शिकवितों इंग्रजी वाङ्मय. कायद्याची पोथी उघडण्याचा प्रसंग आमच्यावर क्वचितच येतो. पण मावशींच्या पायपिटीनें तोहि आणला. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलांत आली, आणि तिनें शहरांच्या स्थानिक संस्थांसाठीं बारावी अनुसूची जोडली. तींत अठरा विषय आहेत. नगररचना आहे, जमिनीचा वापर व बांधकामें आहेत, रस्ते व पूल आहेत, स्मशानें आहेत, कोंडवाडे देखील आहेत. बससेवेचा शोध घेत आम्ही सतराव्या विषयापर्यंत आलों. तेथें दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहें हीं एका ओळींत सांपडलीं. बसथांबे! बस नव्हे, बसचा थांबा. घटनाकारांनंतरच्या पिढीनें नगरपित्यांच्या हातीं खांब, पत्र्याचें छप्पर आणि बाक दिलें, आणि त्या बाकासमोर यावयाचें वाहन कोणाचें हें सांगितलें नाहीं. महाराष्ट्रांतील महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यांत बससेवेला जागा आहे, पण ती बंधनकारक कर्तव्यांत नसून ऐच्छिक कर्तव्यांत आहे. इच्छा झाली तर बस.

आतां घरांकडे वळूं. ३० जून २०२१ रोजीं पुण्याभोंवतालचीं २३ गांवें एका अधिसूचनेनें महापालिकेंत आलीं. तत्पूर्वीं ११ गांवें २०१७ मध्यें आलीं होतीं. तेवीस गांवांच्या ग्रामपंचायती त्या दिवशीं संपल्या. पुढच्याच महिन्यांत राज्य सरकारनें या गांवांसाठीं नियोजनाचा अधिकार महापालिकेस न देतां पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास दिला. हें प्राधिकरण २०१५ मध्यें स्थापन झालेलें, आणि त्याचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. म्हणजे इमारतीस परवानगी एकानें द्यावयाची, तिच्या रहिवाशांना पाणी व रस्ता दुसऱ्यानें पुरवावयाचा, आणि बस तिसऱ्यानें आणावयाची. या तिघांपैकीं कोणीहि आपलें काम चुकविलें नाहीं असें मानलें, तरी मारुतीच्या देवळापासून आमच्या फाटकापर्यंतचा दीड किलोमीटर कोणाच्याच वांट्याला येत नाहीं.

त्यावर पुढची गंमत पहा. मार्च २०२२ मध्यें महापालिकेची मुदत संपली. घटना म्हणते कीं पांच वर्षें आणि त्याहून अधिक नाहीं, व नवी निवडणूक मुदत संपण्यापूर्वींच झाली पाहिजे. परंतु आरक्षणाचा प्रश्न न्यायालयांत होता, प्रभागरचना एकदां झाली, पुन्हां बदलली, आणि कारभार प्रशासकाकडे गेला तो जवळजवळ चार वर्षें त्याच्याकडेच राहिला. तेवीस गांवांची स्थिति याहून चमत्कारिक: पंचायत गेलेली आणि महापालिकेंत नगरसेवक अद्याप एकहि नाहीं, असें त्यांचें साडेचार वर्षें चाललें. १ जून २०२५ पासून पुण्यांतील बसचें किमान भाडें ५ रुपयांवरून १० रुपये झालें. भाडेवाढ योग्य होती कीं अयोग्य याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पण ती झाली तेव्हां दोन्ही शहरांत असा एकहि लोकनियुक्त नगरसेवक नव्हता कीं ज्याच्या दारांत जाऊन मावशींनीं दोन शब्द सुनवावे.

आणि आम्ही? या चार वर्षांत नगरसेवक नाहीं याची उणीव आम्हांस एकदांहि भासली नाहीं, ही या लेखांतील सर्वांत लाजिरवाणी ओळ आहे. पाणी कमी पडलें तर सोसायटी टँकर मागवी. कचरा उचलावयास ठेकेदार होता. जावयाचें तर मोटार होती. सदनिका घेतांना मुद्रांक शुल्काबरोबर मेट्रोसाठीं म्हणून शेंकडा १ अधिभार आम्हीं निमूटपणें भरला, आणि मेट्रो आमच्यापासून किती कोसांवर आहे हें नंतर पाहिलें. बससाठीं असा अधिभार कोणी मागत नाहीं. मागितला असता तर आम्हींच पहिली तक्रार केली असती.

असती असें तरी कां म्हणावें? तक्रार आम्हीं केलीच आहे. २०२३ च्या उन्हाळ्यांत जुन्या गांवांतील कांहीं मंडळी आमच्या सोसायटीकडे आली. देवळापाशीं बस वळविण्यास जागा अपुरी, तुमच्या फाटकासमोर मोकळें मैदान आहे, तुम्हीं हरकत नाहीं असें लिहून दिलें तर बस येथवर आणण्यासाठीं अर्ज करूं, असें त्यांचें म्हणणें होतें. मंडळी साधी, बोलणें नम्र. सर्वसाधारण सभेंत विषय निघाला. एका सभासदांनीं सांगितलें कीं, थांबा आला म्हणजे चहाची टपरी आली. दुसरे म्हणाले, टपरी आली म्हणजे बाहेरचे लोक आले. एका बाईंनीं, आपल्या घराच्या किंमतीवर याचा काय परिणाम होईल, असें विचारलें. आणि त्यानंतर चर्चा फार लांबली नाहीं. हात वर करावयास सांगितलें गेलें. त्या मैदानांत आमची मोटार उभी असे. आमचा हात वर गेला.

घरीं आल्यावर सभेंत काय झालें हें मातोश्रींनीं विचारलें. आम्हीं पाण्याच्या टांकीविषयीं सांगितलें.

मावशी त्यानंतरहि दोन वर्षें आल्या. २०२५ च्या आषाढांत, देवळापासून चालत येतांना पावसांत त्यांना एका दुचाकीचा धक्का लागला आणि उजवें मनगट मोडलें. पोळ्या लाटणाऱ्या बाईचें उजवें मनगट! आम्ही मोटारीनें त्यांस दवाखान्यांत नेलें, खर्च दिला, हाड बसेपर्यंतचा पगारहि दिला. हाड बसलें; पण त्या परत आल्या नाहींत. फोनवर म्हणाल्या, "सर, आजींना सांगा, हाताचं काही नाही. त्या रस्त्याची भीती बसली."

२०२६ च्या जानेवारींत अखेर निवडणूक झाली, आणि आमच्या गांवालाहि प्रथमच नगरसेवक मिळाले. त्यांच्याकडे द्यावयाच्या मागण्यांची यादी सेक्रेटरींनीं सोसायटीच्या फलकावर लावली: रस्त्याचें काँक्रीटीकरण, नळाचें पाणी, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त, ज्येष्ठ नागरिकांसाठीं उद्यान. आम्हीं खिशांतून पेन काढून खालीं पांचवी मागणी लिहिली. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनीं फक्त एवढेंच विचारलें, "सर, तुम्ही बसने जाता का?" जात नाहीं, असें सांगावें लागलें. ते म्हणाले, मागणी नवी असल्यामुळें तिच्याखालीं सभासदांच्या सह्या हव्यात.

तेव्हांपासून संध्याकाळीं जेवणापूर्वीं आम्ही कागद घेऊन एकेका मजल्यावर जातों. बहुतेक ठिकाणीं चहा मिळतो. दोघातिघांनीं २०२३ च्या सभेची आठवण करून दिली, आणि ती करून देण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता. मोटार आतां तळघरांत भाड्याच्या जागीं ठेवतों. मातोश्रींना सही करावयाची होती. पण सदनिका त्यांच्या नांवावर नसल्यामुळें ती चालणार नाहीं असें ठरलें, तरी त्यांनीं ती कागदाच्या पाठीमागें केलीच. ती सोडून आजवर अकरा सह्या झाल्या आहेत. सोसायटींत सदनिका दोनशें सोळा आहेत.