जावक क्रमांक पडायच्या आधी

नाशिकला पत्र घालताना पत्त्यात नुसतं 'इंदिरानगर' लिहून भागत नसे. इंदिरानगर पुण्यात आहे, बंगळुरूत आहे, लखनौत आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतची आमची वसाहत आकार घेत होती तेव्हा तर बंगल्यांच्या मधेमधे मोकळे प्लॉट होते, आणि पत्ता सांगताना लोक एखाद्या किराणा दुकानापासून सुरुवात करत. पत्र तरीही पोचायचं, कारण शेवटच्या ओळीत सहा आकडे असायचे: 422009. पहिला चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश हा विभाग, पहिले तीन मिळून नाशिकचा वर्गीकरण जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे नेमकं टपाल कार्यालय.

ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. मूळ कोकणातल्या केळशीचे, संस्कृतचे कवी आणि नाटककार, नोकरी मात्र टपाल खात्याची. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड देशभर लागू झाला. सारख्या नावांची गावं, न लागणारं अक्षर, दर प्रांताची निराळी लिपी, यांत पत्र भलतीकडे जाणारच हे त्यांनी गृहीत धरलं. लोकांना 'नीट लिहा' असं बजावत बसण्याऐवजी, लिहिण्यात चूक झाली तरी पत्राने वाट सोडू नये अशी सोय त्यांनी पत्त्यातच करून ठेवली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

माझी नोकरी शहरातल्या एका सरकारी कार्यालयात पत्रव्यवहाराच्या टेबलावर गेली. तिथलीही सगळी रीत याच समजुतीवर उभी होती: लिहिणारा चुकतो. म्हणून एकट्याने लिहिलेलं पत्र एकट्याच्याच हातून कधी बाहेर पडत नसे. आधी हाताने मसुदा व्हायचा. तो फाइलला लागून साहेबांकडे जायचा आणि दोन दिवसांनी खाडाखोड होऊन परत यायचा. रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य त्या दोन दिवसांत आपोआप निवलेलं असे. साहेबांनी ते खोडलं नसलं, तर आपणच खोडायचो. मग मसुदा टंकलेखकाकडे जाई. गोदरेज नाहीतर रेमिंग्टनचं यंत्र, त्यात कागद, कार्बन, कागद, कार्बन अशी चळत. आणि त्यानंतर रुजवात.

रुजवात आता नव्या मुलांना समजावून सांगावी लागते. मसुदा आणि टंकलेली प्रत घेऊन दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून पुढे सरकायचं. आकडे सुटे वाचायचे: एक, नऊ, पाच, शून्य. तारखा दोनदा. दुपारी चहानंतर आमच्या खोलीत तीन-चार टेबलांवर एकाच वेळी हे वाचन चाललेलं असे. रकमेतलं एखादं शून्य गळालेलं तिथे सापडे. 'मंजूर करता येत नाही' यातला 'नाही' गळालेला सापडे, म्हणजे अर्जदाराच्या हाती नकाराऐवजी मंजुरीच पडली असती. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना असं काही दिसत नाही, कारण गळालेला शब्द त्याच्या मनात जागेवरच असतो. ऐकणाऱ्याच्या कानाला ते लगेच खटकतं. पंचवीस-तीस वर्षांच्या चाकरीत चूक पकडण्याची याहून चांगली रीत मी पाहिली नाही.

सही झाली की पत्र जावक टेबलावर. आमचे जावक कारकून बोलायला कमी आणि नजरेला तिखट होते. पत्राखाली 'सोबत: तीन' लिहिलेलं असेल तर ते तीन सहपत्रं बोटांनी मोजत. दोनच निघाली तर पत्राला क्रमांक पडत नसे. मग ते पत्र कोणत्या साहेबांचं आहे, किती घाईचं आहे, याने काही फरक पडायचा नाही. पत्रावरचा पत्ता आणि पाकिटावरचा पत्ता ते शेजारी धरून पाहत, कारण या धंद्यातला सगळ्यात वाईट घोळ तोच: एकाचं पत्र दुसऱ्याच्या पाकिटात. गोपनीय कागदाला दोन पाकिटं लागत. आतल्यावर 'गोपनीय' लिहून लाखेची मोहर, बाहेरचं साधं. हे सगळं पार पडल्यावर नोंदवहीत क्रमांक, तारीख, स्थळप्रत फाइलला, आणि मग तिकीट. ती तिकिटंही आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली. 1920च्या दशकापासून देशाची टपाल तिकिटं तिथे छापली जात आली आहेत, आणि गावाला त्याचा अभिमान असे.

प्रतींचं एक सांगायला हवं. कार्बनवर चौथी-पाचवी प्रत पुसट यायची. जास्त हव्या असतील तर स्टेन्सिल कापा, चक्रमुद्रण करा, हात काळे करा. त्यामुळे 'प्रत माहितीसाठी' या ओळीखाली नाव घालण्याआधी विचार व्हायचा की या माणसाला खरोखर हे कळायला हवं का. एका नावाची किंमत टंकलेखकाच्या बोटांना आणि कागदाला पडत होती, म्हणून नावं मोजकी राहत.

आणि एवढं करूनही पत्र चुकून पडलंच, तर टपाल खात्याच्या नियमांत ते मागे मागवण्याची तरतूद होती. टपाल कार्यालयात अर्ज द्यायचा, शुल्क भरायचं, पत्र वाटेत असेल तर परत मिळे किंवा पत्ता बदलून मिळे. मालेगावला जायलासुद्धा पत्राला एखादा दिवस लागत होता, तोच दिवस आपल्या कामी येई.

आज आमच्या शेजारची मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं काम इंदिरानगरातल्या घरून करते. 2020च्या टाळेबंदीत लॅपटॉप घरी आला तो इथेच राहिला. चार्वाक चौकाकडून तिच्या वयाची मुलं पूर्वी अंबडच्या कारखान्यांतल्या पाळीला सायकलने निघायची. आता अनेकांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर भरतं. ती मसुदाही स्वतः करते, टंकनही तीच, सही तीच, जावकही तीच. आमच्याकडे पाच माणसांत आणि तीन दिवसांत विभागलेलं काम ती एका बैठकीत उरकते. हा तिचा पराक्रमच आहे, आणि ईमेलने माणसांचं भलं केलं यात मला शंका नाही. पेन्शनच्या एका कागदासाठी सहा आठवडे वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. पण मधली माणसं गेली तसे मधले डोळेही गेले, आणि ते कोणी मुद्दाम काढून टाकले नव्हते. गतीबरोबर ते निघून गेले.

त्याची किंमत किती असते, ते ब्रिस्बेनच्या प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर 2014 मध्ये तिथे जी-20 परिषद होती. ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने तिला येणाऱ्या राष्ट्रनेत्यांचे जन्मदिनांक, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाचा तपशील ईमेलने पाठवला. त्यात आपल्या पंतप्रधानांचाही होता. 'प्रति'च्या रकान्यात दोन-चार अक्षरं टाकताच आउटलुकने नाव सुचवलं, ते तपासलं गेलं नाही, आणि मेल गेला आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या संयोजकांपैकी एकाकडे. ज्याला मिळाला त्याने तो पुसून टाकला म्हणून निभावलं. आमच्या जावक टेबलावर पत्र आणि पाकीट शेजारी धरून जे पाहिलं जायचं, ते पाहायला तिथे कोणी नव्हतं. आपल्याकडच्या ऑफिसांत तर प्रत्येक यादीत चार पाटील आणि तीन जाधव असतात. आडनावाला पिनकोड नाही.

प्रतींचं उलटं झालं. एक नाव घालायला आणि हजार नावं घालायला आता सारखेच कष्ट. नोव्हेंबर 2016 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य सेवेत चाचणीसाठी पाठवलेला एक मेल सुमारे 8,40,000 कर्मचाऱ्यांच्या यादीवर गेला. त्यावर 'मला यातून काढा' अशी उत्तरं लोकांनी सगळ्यांनाच पाठवली आणि यंत्रणा रखडली. आपल्या गृहसंस्थेच्या नोटिशीतही हेच घडतं, फक्त आकडा लहान. शंभर सभासदांचे पत्ते उघड्यावर जातात, ते गुप्त प्रतीच्या रकान्यात घालायला हवे होते हे नंतर आठवतं.

शेजारच्या मुलीशी मी यावर बरंच बोललो. ती म्हणाली, "काका, आमच्याकडे रीकॉल असतं की." असतं, पण ते मुख्यतः एकाच संस्थेच्या यंत्रणेत चालतं. ग्राहकाच्या पेटीत पोचलेला मेल त्याने परत येत नाही. जीमेलवर 'पाठवणे रद्द' ही सोय 2009 साली प्रयोग म्हणून आली आणि 2015 मध्ये कायमची झाली. तीही मेल परत आणत नाही. पाच ते तीस सेकंद तो दारातच थांबवून ठेवते, एवढंच. सुरुवातीला ती पाच सेकंदांवर ठेवलेली असते, बहुतेकांनी तीस करून घेतलेली नसते. आउटलुकमध्ये नियम लावून प्रत्येक मेल दोन तासांपर्यंत रोखता येतो. हे मला फार आवडलं. आमचं पत्र संध्याकाळच्या टपालापर्यंत ट्रेमध्ये पडून राहायचं, तसाच हा थांबा. तिने दोन मिनिटांचा लावला. तिचं म्हणणं, सहपत्र राहिल्याचं माणसाला पहिल्या मिनिटातच आठवतं, आणि ते खरं आहे.

मग तिने आमच्या जुन्या क्रमातलं काय काय उचललं ते पाहून मला आनंद झाला. सहपत्र ती आधी जोडते, मजकूर मग लिहिते, आणि 'प्रति'चा रकाना सगळ्यात शेवटी भरते. म्हणजे बोट चुकून कळीवर पडलं तरी अर्धा मेल कुठे जाऊ शकत नाही. जोडलेली फाइल ती पाठवण्याआधी उघडून पाहते, कारण नाव बरोबर असूनही आत जुनाच मसुदा असू शकतो. दरपत्रक एक्सेलमध्ये पाठवत नाही. त्यात लपवलेले रकाने असतात, मिळणारा ते एका क्लिकने उघडतो आणि आपला मूळ खर्च त्याला दिसतो. पुढे पाठवायच्या मेलच्या तळाशी काय काय चिकटलं आहे ते ती खालपर्यंत जाऊन वाचते. सोडून गेलेल्या लोकांचे पत्ते सुचवणीच्या यादीतून पुसते. रागाचं उत्तर मसुद्यात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते.

रुजवातीचं मात्र तिला पटायला वेळ लागला. "सगळ्या मेलची कशी घेणार, काका?" सगळ्यांची घेऊच नये. आमच्याकडेही पोच देणारं दोन ओळींचं पत्र रुजवातीशिवाय जायचं. पण ज्यात रक्कम आहे, बँकेचा खाते क्रमांक आहे, कोणाच्या पगाराचा किंवा आजाराचा तपशील आहे, त्याला दुसरे डोळे हवेतच. आता तर कायदाही त्याच दिशेने आला आहे. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेवढ्या दंडापुढे एका माणसाची दहा मिनिटं महाग म्हणता येणार नाहीत, आणि ही दहा मिनिटं कंपनीने कामाचे तास म्हणून धरली पाहिजेत. आमच्या जावक कारकुनांना पगार त्याचाच मिळत होता. आज तेच काम माणसाने स्वतःच्या झोपेतून काढावं अशी अपेक्षा असते, आणि रात्री साडेअकराला गेलेल्या मेलमध्ये शून्य गळालं की दोष त्या एकट्या माणसाच्या नावावर पडतो. मला हे मान्य नाही.

तिच्या गटात गेल्या काही महिन्यांपासून दरपत्रकं आणि पगाराचे तक्ते दोघांनी ताडल्याशिवाय बाहेर जात नाहीत. ती इथून वाचते, पुण्याचा सहकारी तिकडे पडद्यावर बोट ठेवून पाहतो, नंतर अदलाबदल. परवा खिडकीतून तिचा आवाज येत होता, आकडे सुटे सुटे: चार, शून्य, सात, शून्य. मधेच ती थांबली, म्हणाली, "माझ्याकडे शेवटी दोन शून्य आहेत, तुझ्याकडे किती?"