घाटावरची उंद्री आणि सायकलस्वाराचे हृदय

बुलढाणा जिल्ह्यात कोणाला गाव विचारले, तर तालुक्याच्या आधी एक प्रश्न येतो : घाटावर की घाटाखाली? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा हे घाटावरचे. खामगाव, शेगाव, मलकापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातले, म्हणजे घाटाखालचे. चिखली तालुक्यातील उंद्री घाटावरची. चिखलीहून अमडापूरमार्गे खामगावकडे निघालेल्या प्रवाशाला ती वाटेत भेटते. आसपास काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन आणि कपाशी, थंडीत हरभरा. पुढे रस्ता पठार सोडून खाली उतरतो आणि कापसाच्या बाजारासाठी नावाजलेल्या खामगावला पोहोचतो.

मोटारीत बसलेल्या माणसाला या उताराचे विशेष काही वाटत नाही. सायकलस्वाराला मात्र घाटावर आणि घाटाखाली या शब्दांचा अर्थ मांड्यांना आणि छातीला कळतो. सपाटीवर त्याचे भांडण वाऱ्याशी असते. पाय क्षणभर थांबवले तरी सायकल पुढे जात राहते. चढावर भांडण स्वतःच्याच वजनाशी. तेथे पाय थांबले की सायकल थांबते. म्हणूनच चढावर हृदयाला विसावा नसतो, आणि म्हणूनच सायकलस्पर्धांतील मोठा मान नेहमी चढावर मिळतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. विदर्भालाही या खेळाचे वेड नवे नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने, १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा बातम्या वाचून चाळिशी-पन्नाशीतली कितीतरी माणसे पहाटे हेल्मेट घालून जवळचा घाट गाठू लागली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण घाट जे देतो त्याबरोबर काही मागतोही, आणि त्याचा हिशेब सायकलस्वाराने वेळेवर पाहिला पाहिजे.

विश्रांतीत असलेले निरोगी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. कसलेल्या सायकलपटूचे हृदय कठीण चढावर ३० लिटरच्याही पुढे जाते. वर्षानुवर्षे अशी मेहनत केल्यावर त्याचे कप्पे मोठे होतात, भिंती जाड होतात, निवांत वेळचे ठोके मिनिटाला चाळीस-पन्नासवर येतात. बहुतेकांच्या बाबतीत ही केवळ सरावाची खूण असते. काहींच्या बाबतीत मात्र सतत ताणल्या गेलेल्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, विजेच्या संदेशांची वाट बिघडते आणि ठोक्यांचा ठेका चुकू लागतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचे शहर आहे. त्याच्या डोक्यावरच फ्लॅगस्टाफ नावाचा डोंगर असून त्याचा नागमोडी चढ तेथील सायकलस्वारांची कसोटी मानला जातो. एके काळी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले, पुढे सायकली बांधणारे आणि सायकलदुरुस्तीवरील पुस्तकांमुळे जगभर ठाऊक झालेले लेनर्ड झिन २०१३ च्या जुलैमध्ये हा चढ चढत होते. वय पंचावन्नच्या घरात, सराव अखंड. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली आणि ठोके मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा २०० च्या पार गेला. निदान अलिंदातून उठणाऱ्या अनियमित ठोक्यांचे झाले. झिन यांना अखेर स्पर्धा सोडावी लागली. पुढे ख्रिस केस आणि स्वतः सायकलस्वार असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. जॉन मॅन्ड्रोला यांच्यासह त्यांनी २०१७ मध्ये ‘द हेवायर हार्ट’ हे पुस्तक लिहिले. अतिश्रमाच्या खेळांत हृदयाचे काय होऊ शकते, हाच त्याचा विषय आहे.

हे एका माणसाचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जुन्या ‘टूर द स्वीस’ शर्यतीत उतरलेल्या ६२ माजी व्यावसायिक सायकलपटूंची त्यांच्या साठीनंतर तपासणी झाली आणि तुलनेसाठी तेवढेच गोल्फ खेळणारे घेतले गेले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अलिंदांच्या अनियमित ठोक्यांचा विकार सायकलपटूंपैकी सुमारे १० टक्क्यांत आढळला, गोल्फ खेळणाऱ्यांपैकी एकातही नाही. संख्या लहान आहे, तरी इशारा स्पष्ट आहे.

तरुणांनाही यातून सूट नाही. सायक्लोक्रॉसमध्ये दोनदा विश्वविजेता ठरलेला बेल्जियमचा नील्स अल्बर्ट २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांतील दोषामुळे निवृत्त झाला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. इटलीच्या सोन्नी कोलब्रेल्लीने ३ ऑक्टोबर २०२१ रोजी पावसाचिखलात पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत जिंकली. साडेपाच महिन्यांनी, २१ मार्च २०२२ रोजी, स्पेनमधील कातालोनियाच्या शर्यतीत पहिल्या टप्प्यात दुसरा येऊन तो अंतिम रेषेपलीकडे कोसळला. वैद्यकीय पथक जवळच होते, विजेचा झटका देणारे यंत्र हाताशी होते. त्याचे प्राण वाचले. पुढे त्याच्या छातीत ठोके सावरणारे उपकरण बसवण्यात आले. असे उपकरण असलेल्या खेळाडूला इटलीत स्पर्धेची परवानगी मिळत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याने व्यावसायिक सायकलिंगचा निरोप घेतला.

आता पुन्हा उंद्रीच्या रस्त्याकडे पाहावे. येथे पहाटे एकट्याने चढ चढणाऱ्याच्या मागे वैद्यकीय पथकाची गाडी नसते. दोन्ही बाजूंना शेते, अधूनमधून एखादे दुधाचे वाहन किंवा एसटी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते, पण ती यायला वेळ लागतो. हृदयाची मोठी तपासणी करायची तर अनेकांना अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. बंद पडलेले हृदय एवढी वाट पाहत नाही, त्याचा हिशेब मिनिटांचा असतो. कोलब्रेल्लीला जे हाताशी मिळाले, ते या रस्त्यावर मिळणार नाही, एवढे जाणूनच येथील स्वाराने आपली गती ठरवली पाहिजे.

चढावर छातीत अचानक फडफड होणे, पूर्वी कधी नव्हता असा थकवा येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत दडपण वाटणे, ही ‘आज जरा जमत नाही’ म्हणून झटकण्याची लक्षणे नव्हेत. तेथेच उतरावे, कोणाला तरी कळवावे आणि डॉक्टरांकडे जावे. ठोके अनियमित राहिले तर अलिंदात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यासाठी रक्त पातळ करणारे औषध दिले, तर घोळक्यातल्या शर्यतीत पडून झालेला मार जीवावर बेतू शकतो. तेव्हा स्पर्धा सोडण्याचा सल्ला डॉक्टर देतात, तो भित्रेपणातून आलेला नसतो.

हा सल्ला ऐकणे अवघड जाते, याचे कारण केवळ पदकांचा मोह नाही. स्पर्धेबरोबर पहाटेचे सोबती जातात, पाठीवरचा क्रमांक जातो, ‘अमुक घाट इतक्या मिनिटांत’ ही स्वतःची ओळख जाते. हे नुकसान खरे आहे आणि घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. पण ताळेबंदाची दुसरी बाजूही असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. हृदयविकारातही डॉक्टरांच्या अनुमतीने बहुतेकांना तो करता येतो. शेजारच्याशी बोलता यावे पण गाता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण. त्या गतीने पठारावरचा सपाट रस्ता खुला राहतो. चढ आला तर उतरून सायकल हाती धरून चालता येते. बॅटरीची मदत देणाऱ्या सायकलीही आता मिळतात.

सोडायची आहे ती घड्याळाशी लावलेली पैज. ती सुटली की रस्त्यावरची इतर बरीच माणसे दिसू लागतात : शाळेला निघालेली मुले, कॅरिअरला चाऱ्याचा भारा बांधून परतणारा शेतकरी. त्यांच्यापैकी कोणीही चढ किती मिनिटांत चढला हे मोजलेले नसते. दम लागला की ते खाली उतरतात, सायकलीच्या आधाराने वर येतात आणि पुन्हा बसतात. तरीही ते रोज घाटावर वेळेत पोहोचतात.