इंटरनेट बंद, गाणी चालू!

राउटरला बाहेरून येणारी वायर मी मुद्दाम काढून ठेवली. तरी स्वयंपाकघरात आईच्या मोबाइलवर कुमार गंधर्व गातच होते आणि हॉलमधल्या टीव्हीवर 'संत तुकाराम' सुरूच होता! 1936चा प्रभातचा सिनेमा, माझ्याच कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून, घरातल्याच वायफायवरून. दोन्ही एकाच वेळी, आणि कुठेही अडकणं नाही!

हे सगळं करतं जेलीफिन हे सॉफ्टवेअर. 2018च्या डिसेंबरात, 'एम्बी' नावाच्या सॉफ्टवेअरचा कोड खुला राहणार नाही असं ठरल्यावर काही प्रोग्रॅमरांनी आधीचा खुला कोड घेऊन हे उभं केलं. आजही ते स्वयंसेवकच चालवतात. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, कुठल्या कंपनीकडे खातं उघडणं नाही.

कॉम्प्युटरवर जेलीफिन टाकायचं, गाण्या-सिनेमांचे फोल्डर दाखवायचे. मग मोबाइलच्या ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा घरातला पत्ता, बहुतेक घरांत 192.168ने सुरू होणारा, आणि पुढे :8096. झालं! फोल्डरला 'संत तुकाराम (1936)' असं वर्षासकट नाव दिलंत, तर सिनेमा ओळखणं त्याला सोपं जातं.

पण मी खरा थक्क झालो तो ट्रान्सकोडिंगनं. एखादी फाइल टीव्हीला कळणारी नसेल, तर कॉम्प्युटर ती तिथल्या तिथे, आपण बघत असतानाच, टीव्हीला कळेल अशा रूपात बदलून पाठवत राहतो. मूळ फाइलला धक्काही लागत नाही! ग्राफिक्स चिप त्या जोगती असेल तर हे काम तिच्यावर सोपवता येतं, मग प्रोसेसर मोकळा. आणि हॉलमध्ये अर्धा सोडलेला सिनेमा आतल्या खोलीत टॅबवर नेमका तिथूनच पुढे सुरू होतो.

गाण्यांचं तर विचारूच नका. सीडीतला आवाज म्हणजे सेकंदाला 1411 किलोबिट. फ्लॅक फाइल केली की जागा साधारण निम्मी लागते आणि आवाजातला एक कणही हरवत नाही. घरच्या वायफायला एवढा भार म्हणजे काहीच नाही. तानपुऱ्याचा झंकार स्वयंपाकघरातही जसाच्या तसा!

तुमच्या माळ्यावर नाट्यगीतांच्या, अभंगांच्या सीड्या पडून असतील, तर या रविवारी उतरवा आणि कॉम्प्युटरवर घ्या. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह सहसा नसतो, तेव्हा जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी हे काम उरका.