मुळाची आंब

"पिवळं झालं गं, पिवळं झालं!" रात्री साडेबाराला मी फोनवर एवढंच ओरडले. भाची वनस्पतिशास्त्र शिकवते, पण झोपेत तिला आधी कावीळच आठवली. "कोण पिवळं झालं, मावशी?" "अगं, हरभरा!"

झालं होतं ते असं. काचेच्या पसरट बशीत चायना ग्रासची जेली लावली होती. तिच्यात ब्रोमोक्रेसॉल पर्पल नावाचा रंग. पीएच 7 च्या आसपास तो जांभळा दिसतो आणि 5 कडे उतरला की पिवळा. रंग भाचीनेच आणून दिला होता, माप जुळवून जेली जांभळी करूनही तीच गेली होती. जेलीवर मी नुकती मुळं फुटलेले हरभरे अलगद निजवले, वर झाकण ठेवलं. संध्याकाळी सगळं जांभळंगर्द. रात्री पाणी प्यायला उठले, सहज दिवा लावला, तर मुळांभोवती पिवळी झालर! मूळ जिथे वळलंय तिथे झालरही वळलेली. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

अठ्ठावन्न वर्षं मी मुळाला स्ट्रॉ समजत आले. 'मुळाची कार्ये लिहा' या प्रश्नाला आधार देणे, पाणी व क्षार शोषणे असं लिहिलं की दोन मार्क मिळायचे आणि विषय संपायचा. मूळ आपला शेजार आधी आंबट करून घेतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आणि किती आंबट? पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट होते. 7 वरून 5 म्हणजे शंभरपट. एवढ्याशा हरभऱ्याने, काही तासांत, माझ्या ओट्यावर.

आंबट म्हटल्यावर आजोबा आठवले. सोलापूरकडे आमचं रान. थंडीत तांबडं फुटायच्या आधी ते स्वच्छ धुतलेलं धोतराचं फडकं हरभऱ्यावर पसरायचे, दवाने भिजलं की बाटलीत पिळायचे. ती आंब. पोट दुखलं की चमचाभर आंब पाण्यातून. आम्ही पोरं हरभऱ्यातून पळालो की पोटऱ्या चुरचुरायच्या आणि बोटं चाटली की आंबट लागायची. पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, ते हे. पण आम्ही सगळे पानंच चाटत बसलो! खाली, मातीत, त्याच झाडाची मुळंही आम्लं सोडत होती. तिथे मुख्यतः मॅलोनिक, जोडीला सायट्रिक. काळ्या रानात चुनखडी भरपूर, तिच्यातला कॅल्शियम फॉस्फरसला धरून बसतो. ही आम्लं फॉस्फरस सोडवून घेतात. म्हणजे मातीतलं जेवण हरभरा आधी शिजवतो, मग जेवतो.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या बशीत ज्वारीही मांडली. दोन्ही बशांत तीच जेली, तोच चिमूटभर कॅल्शियम नायट्रेट. आणि बघा, हरभऱ्याभोवती पिवळं, ज्वारीभोवती जांभळंच! आमच्या रानात बांधाला बांध लावून वाढणारी ही दोन पिकं, आणि जमिनीखाली त्यांच्या तऱ्हा इतक्या उलट! भाचीने समजावलं की हा विजेच्या भाराचा हिशेब आहे. मूळ धनभाराचं काही आत घेतं तेव्हा बदल्यात हायड्रोजन आयन बाहेर ठेवावा लागतो, आणि तोच आंबटपणा. ज्वारी ऋणभाराचं नायट्रेट भराभर आत घेते, म्हणून तिचा हिशेब उलट सुटतो. हरभरा मात्र नायट्रेट देऊनही आंबटच. त्याच ज्वारीला अमोनियमचं खत द्या, तीही आम्ल सोडते. कोणतं खत टाकलं यावरून मुळाभोवतीच्या दोनेक मिलिमीटर मातीची चव बदलते!

पण मला खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीने. मुळाला लांब व्हायलाही आंबटपणाच लागतो. पेशीभोवतीची भिंत ताठ असते. पेशी तिच्यात हायड्रोजन आयन पंपाने ढकलते, त्यासाठी स्वतःची ऊर्जा खर्च करते. भिंत आंबटली की एक्सपॅन्सिन नावाची प्रथिनं तिचे धागे सैल करतात (ही प्रथिनं 1992 मध्ये काकडीच्या कोवळ्या रोपात सापडली) आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी ताणली जाते. भरपेट जेवल्यावर आपण नाडी सैल करतो ना, तसं. मूळ पुढे सरकतं ते अशा हजारो नाड्या सैल करत!

मग मी अर्थातच अतिउत्साह केला. आंबट चांगलं ना, म्हणून मेथीला व्हिनेगर पाजलं. साध्या पाण्यातल्या मेथीची मुळं बोटाच्या पेराएवढी झाली, काही थेंब व्हिनेगरमधली आखूड राहून टोकाला तपकिरी पडली, चमचाभर घातलेल्या वाटीत दाणे उघडलेच नाहीत. भाची वैतागली. म्हणाली, "व्हिनेगरचं आम्ल पेशीत शिरून आतूनही मारतं, सगळा आळ पीएचवर घेऊ नकोस." खऱ्या मातीत खलनायक बहुधा दुसराच असतो, अॅल्युमिनियम. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तो भरपूर, पण एरवी बांधलेला आणि निरुपद्रवी. माती फार आंबटली, पीएच 5 च्या खाली गेला, की तो विरघळतो आणि थेट मुळाच्या टोकावर घाव घालतो. मुळं खुंटतात, जाड आणि ठेंगणी होतात आणि खाली ओल असूनही झाड तहानलेलं राहतं. शेतात चुना टाकतात तो यासाठी. चहाचं झाड मात्र या अॅल्युमिनियमला भीत नाही, उलट अशाच मातीत खुलतं. हे वाचल्यापासून सकाळच्या कपाकडे मी जरा आदराने बघते.

आणि संगमरवर! 1860 मध्ये युलियस सॅक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मक्याची मुळं संगमरवर विरघळवतात हे छापून दाखवलं. गुळगुळीत फरशीवरून मुळं जाऊ दिली तर त्यांची नक्षी दगडात कोरली जाते. हे वाचून मी जागची उठलेच. देव्हारा केला तेव्हाचा संगमरवराचा एक तुकडा माळ्यावर होता. ट्रेमध्ये तो तिरका ठेवला, वर वाळू, वाळूत मका आणि हरभरा. भाचीने आधीच बजावलं होतं की मुळांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचंही पाण्यात आम्ल होतं, तेव्हा सगळं श्रेय एकट्या हायड्रोजन पंपाला देऊ नकोस. बरं बाई, नाही देत.

तेविसाव्या दिवशी रोपं उपटली, वाळू धुतली, फरशी पुसली. समोरून बघितलं तर काहीच नाही. हिरमुसले. मग ती खिडकीशी नेऊन उन्हात आडवी धरली, आणि चकाकीच्या मधोमध एक पुसट, नागमोडी रेघ उमटली. तिच्यातून फुटलेली दुसरी. तिच्या टोकाला तिसरी. नख फिरवलं तर तिथे चकाकीचा गुळगुळीतपणा संपून खरखर लागत होती.

भाचीला लगेच फोन केला. या वेळी निदान दुपारचे दोन वाजले होते.