तुरुंगातलं रिंगण

पोहरादेवीच्या रामनवमीच्या जत्रेत नगारा ऐकत मी मोठा झालो. वाद्याच्या आवाजानं थबकायचं आपलं वय सरलं, असं वाटायचं. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात सांतो आंतोनियो किल्ल्याच्या दारातून आत शिरलो आणि पाय जागीच थांबले.

हा किल्ला कित्येक वर्षं तुरुंग होता. आज तिथं कापोएरा शिकवतात. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवलेली ही विद्या. लढाई म्हणावी तर नाच, नाच म्हणावा तर लढाई. १८८८ साली गुलामगिरी संपली आणि १८९०च्या दंडसंहितेनं कापोएरा खेळणं हाच गुन्हा ठरवला. पोलिसांना खरं नाव कळू नये म्हणून खेळणारे टोपणनावं घेत. पोरांना ती आजही मिळतात. ऐकताना पोटात कालवलं. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं आमच्या बंजाऱ्यांवरही गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा जायला १९५२ उजाडलं.

संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांतली पोरं जमली, बरीचशी अनवाणी. रिंगण धरलं, त्याला ते 'हॉडा' म्हणतात. एका अंगाला बेरिंबाऊ, म्हणजे धनुष्यासारखी वाकवलेली काठी, जुन्या टायरमधून काढलेली तार आणि खाली पोकळ भोपळा. दहाएक वर्षांची एक पोर त्याच्या पायाशी उकिडवी बसली, समोरच्या उंच पोराच्या हातात हात दिला आणि आत शिरली. त्यानं फिरवलेला पाय तिच्या केसांवरून गेला. ती तळहातावर कलून खालून निसटलीसुद्धा. पुढच्या खेपेला मात्र लाथ खांद्यावर बसली. मेस्त्रेंनी, म्हणजे गुरुजींनी, तार थांबवली. ओरडले नाहीत. पोराच्या हातात डफ दिला आणि वाजवणाऱ्यांच्या रांगेत बसवलं. पाय लागायच्या आत आवरता येणं, हेच इथलं खरं कसब.

याच शहरात 'प्रोजेतो आशे' ही संस्था १९९०पासून रस्त्यावरच्या मुलांना कलेच्या वाटेनं शिक्षणाकडे नेते आहे. मला आठवत राहिली ती आमच्या तांड्यांवरची पोरं, दिवाळी सरली की आईबापांमागे ऊसतोडीला जाणारी, शाळा अर्ध्यात सुटलेली. होळीला लेंगी म्हणत तीही असंच रिंगण धरतात. त्या रिंगणाला वर्षभर दार उघडं ठेवणारा गुरुजी हवा!

खेळ संपल्यावर त्या पोरीनं खुणेनंच माझं गाव विचारलं. मी फोनवर पोहरादेवीचं नगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय दाखवलं. तिनं डोळे मोठे केले आणि बेरिंबाऊ माझ्या हातात दिला. सगळा भार करंगळीवर येतो, हे तेव्हा कळलं. भोपळा पोटाशी टेकवला, तिनं चिमटीत नाणं धरायला लावलं. हात थरथरत होता. तिसऱ्या खेपेला तार बोलली.