फ्लॅशी हवा, पांढरी नको!

"मॅडम, एक नंबर पोरगा आहे हां तुमचा!"

सकाळी साडेसहाला कर्वेनगरच्या कालव्याच्या रस्त्यावर कुणी असं म्हणालं, की माझी मान आपोआप ताठ व्हायची. पोरगा म्हणजे टायसन. आमचा बॉक्सर. अंग बदामी, तोंड काळं, कपाळावरून नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा, छाती पांढरी आणि चारही पायांत पांढरे मोजे. बघावं तेव्हा इंटरव्ह्यूला निघाल्यासारखा दिसतो. डॉग शोवाले अशा बॉक्सरला ‘फ्लॅशी’ म्हणतात. अंगभर एकच रंग असलेल्याला म्हणतात ‘प्लेन’ किंवा ‘सॉलिड’. आपल्याकडे सॉलिड म्हणजे भारी, पण बॉक्सरच्या बाजारात सॉलिडला भाव कमी.

टायसनला आणायला गेले होते तेव्हा टोपलीत दोनच पिल्लं उरली होती. त्यातलं प्लेन पिल्लू तुरुतुरु चालत आलं आणि माझ्या बुटाची नाडी चावायला लागलं. मोजेवाला टायसन मस्त झोपला होता. मी नाडी सोडवली, प्लेनला हळूच बाजूला सरकवलं आणि झोपलेल्याला उचललं. ही नाडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर ‘एक नंबर पोरगा’ म्हणणारे ते काका हौस म्हणून बॉक्सर ब्रीड करायचे. मुळशीच्या बाजूला त्यांचं फार्महाऊस होतं आणि त्यांच्याकडे एक देखणी मादी होती. तीही फ्लॅशी. "दोघं फ्लॅशी! पिल्लं कशी होतील, विचार करा मॅडम!" मी विचार केला तो एवढाच, की फ्लॅशी अधिक फ्लॅशी म्हणजे डबल फ्लॅशी. मेटिंगची फी मिळाली. ऑफिसातल्या तिघी मैत्रिणींबरोबर त्या पैशांत दिवेआगरचा एक झकास वीकएण्ड झाला. पापलेट, समुद्र, फोटो. टायसनच्या नावानं चिअर्ससुद्धा केलं.

दोनेक महिन्यांनी मोबाइलवर फोटो आला. सात पिल्लं! ती पाच आठवड्यांची झाल्यावर एका रविवारी मी बघायला गेले. टोपलीत पाचच होती. तीन मोजेवाली, दोन प्लेन.

"काका, दोन कुठायत?"

"ती पांढरी झाली ना. फॉल्ट आहे तो. एक गेलं. एक मागे ठेवलंय. उद्या डॉक्टर येणारेत."

"डॉक्टर कशाला?"

काकांनी उत्तर दिलं नाही. चहा घेणार का, म्हणून विचारलं.

मागे पंपाच्या खोलीशेजारी बाटलीबंद पाण्याचं एक खोकं होतं. त्यात ती होती. दुधाच्या सायीसारखी पांढरी, नाक काळंभोर, डोळेही काळेच. शेपटीच्या मुळाशी रुपयाएवढा एकच बदामी ठिपका. तेवढ्यात कुणीतरी पंप चालू केला. पत्रा थरथरला, पुढची पिल्लं केकाटायला लागली. ही ढिम्म. गाढ झोपलेली.

"किती शांत आहे हो!" मी म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

खोक्यासकट मी तिला गाडीत ठेवलं. काकांनी एक पैसा घेतला नाही. आईनं दार उघडलं, खोक्यात डोकावली आणि म्हणाली, "अगं, गोरी म्हणून टाकतात? आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत तर उलटं असतं!" नावही तिनंच ठेवलं. सायली. आमच्या सोसायटीत सायली नावाच्या दोन सुना आहेत, पण आईनं कुणाचं ऐकलंय कधी?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आमच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही असा, स्टीलचा वाडगा वाजवला. मग चावी. मग शिट्टी. दवाखान्यातल्या मांजरासकट सगळ्यांनी वळून बघितलं. सायली माझ्या ओढणीचं टोक चघळत राहिली. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं.

"अल्बिनो आहे का?" मी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "अल्बिनोच्या अंगात रंगाच्या पेशी असतात, पण त्यांना रंग तयार करता येत नाही. हिच्या कातडीत बहुतेक ठिकाणी त्या पेशी पोचल्याच नाहीत. डोळे बघा, काळे आहेत."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला कुठल्याही सिनेमापेक्षा थरारक वाटलं. पिल्लू गर्भात असतं तेव्हा रंगाच्या पेशी पाठीच्या कण्यालगत तयार होतात आणि तिथून प्रवासाला निघतात. पाठीवरून खाली, पोटाकडे, पायांकडे, तोंडाकडे. त्या कमी पडल्या तर कण्यापासून जे सगळ्यात लांब तेच कोरं राहतं. पायांचे पंजे, छाती, नाकाचा शेंडा. म्हणजे टायसनचे मोजे हे कुणी रंगवलेले नाहीत. तिथवर रंगच पुरला नाही. आणि सायलीच्या बाबतीत तो जवळपास कुठेच पुरला नाही. मुळात तीही बदामीच आहे. शेपटीजवळचा तो ठिपका म्हणजे तिचा खरा रंग.

आणि कान? आतल्या कानात याच जातीच्या पेशी असतात. तिथल्या द्रवातलं क्षारांचं गणित त्या सांभाळतात. त्या नसल्या तर ऐकण्याच्या नाजूक पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. पिल्लाचे कान उघडतात दोनेक आठवड्यांनी. म्हणजे बाहेरून दार उघडतं त्याच सुमारास आत दिवा विझत असतो. सगळ्याच पांढऱ्या बॉक्सरचं असं होत नाही हं. बहुतेकांना नीट ऐकू येतं. पण काहींना एका कानानं येत नाही आणि काहींना दोन्ही. एका कानाचं तर घरी टाळ्या वाजवून कळतही नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावला. बाबा साताऱ्याला हायस्कूलमध्ये तीस वर्षं विज्ञान शिकवायचे. त्यांनी लग्नाची एक जुनी पत्रिका उलटी केली आणि पेन काढलं. मला वाटलं, आता मेंडेलचे वाटाणे येणार.

"वाटाणे नाहीत. गुलबाक्षी आठव. लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की काय येतं?"

"गुलाबी."

"तुझा टायसन म्हणजे ती गुलाबी गुलबाक्षी."

प्रत्येक बॉक्सरकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बाबांकडून. दोन्ही प्रती रंगाच्या असल्या तर प्लेन. दोन्ही पांढऱ्या असल्या तर पांढरा. आणि एक अशी, एक तशी असली तर आपला लाडका फ्लॅशी. म्हणजे फ्लॅशी ही वेगळी जात नव्हेच, तो अर्धा पांढरा हिशेब आहे. बाबांनी चार घरांची चौकट आखली. फ्लॅशी आई, फ्लॅशी बाप. एका घरात प्लेन, दोन घरांत फ्लॅशी, एका घरात पांढरं.

"म्हणजे चारात एक पांढरं. प्रत्येक वेळी नाही, पण सरासरीनं. सातात दोन झाली, यात काकांचं नशीब फुटलं वगैरे काही नाही. हे ठरलेलंच होतं." मग त्यांनी शेजारी दुसरी चौकट आखली. "आता टायसनला प्लेन मादी दिली असती तर? दोन घरं प्लेन, दोन घरं फ्लॅशी. पांढरं एकही नाही. आता मोज. पहिल्या चौकटीत फ्लॅशी किती?"

"दोन."

"दुसरीत?"

मी पुन्हा मोजलं. दोन.

"मग दोन्ही बाजूंनी फ्लॅशी घेऊन तुमच्या काकांना जास्तीचं काय मिळालं?"

मी सायलीकडे बघितलं. ती पत्रिकेचा कोपरा खात होती.

मी ऑफिसात रोज एक्सेलमध्ये डोकं घालून बसते. लोकांच्या कर्जाची रिस्क काढते. आणि ही चार घरांची चौकट मला कधी सुचली नव्हती. मोजेवाली पिल्लं तेवढीच मिळणार होती, निम्मी. फरक इतकाच, की उरलेली निम्मी सगळी प्लेन होण्याऐवजी त्यातली निम्मी पांढरी झाली. बाबांनी तिसरी चौकटही आखली. प्लेन आणि पांढरा. चारही घरांत फ्लॅशी! म्हणजे सगळीच्या सगळी पिल्लं मोजेवाली हवी असतील तर आईबापातलं एक पांढरं लागतं. जिला ‘फॉल्ट’ म्हणून पंपाच्या खोलीमागे ठेवतात, तीच.

मग मी रात्री जागून वाचत सुटले. १८९५मध्ये म्युनिकच्या डॉग शोमध्ये बॉक्सर पहिल्यांदा उभा राहिला. त्या काळात पांढरे आणि ठिपक्यांचे बॉक्सर सर्रास होते. बुलडॉगच्या रक्तातून तो पांढरा रंग आला होता. पुढे पांढरा रंग नियमांतून बाहेर गेला. अंगाचा एक तृतीयांश भाग पांढरा असेल तर चालेल, त्याहून जास्त नको. थोडा पांढरा म्हणजे शोभा, जास्त पांढरा म्हणजे दोष. किती तरी ठिकाणी अशी पिल्लं जन्मतःच मारून टाकायची रीत पडली.

गंमत बघा. कुत्र्याचा पहिला चांगल्या दर्जाचा संपूर्ण जीनोम २००५मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला, तो टाशा नावाच्या एका बॉक्सर मादीचा. आणि २००७मध्ये शास्त्रज्ञांनी पांढऱ्या आणि प्लेन बॉक्सरचा डीएनए ताडून बघितला, तेव्हा ही भानगड एमआयटीएफ नावाच्या जनुकापाशी आहे असं सापडलं. रंगाच्या पेशी जगवण्याचं आणि वाढवण्याचं काम तो बघतो. माणसातही याच जनुकात बिघाड झाला, तर काही जणांना जन्मतः बहिरेपण आणि कपाळावर पांढरी बट असं दोन्ही एकत्र येतं.

वर्षभरानं काकांचा फोन आला. "मॅडम, परत करू या का? नाशिकची एक मादी आहे, टॉप फ्लॅशी!"

मी त्यांना चौकटींबद्दल सांगितलं. प्लेन मादी बघा, मोजेवाली तेवढीच मिळतील, पांढरं एकही होणार नाही. ते शांतपणे ऐकत होते.

"खरंय तुमचं. पण प्लेन पिल्लं पडून राहतात हो. गिऱ्हाईक आधी पायातले मोजे बघतं. पांढऱ्याचं एक बरं असतं, त्याला विकायचा प्रश्नच येत नाही."

मला भयंकर राग यायला हवा होता. आला नाही. कारण मला ती बुटाची नाडी आठवली. ते गिऱ्हाईक मीच होते. मी ज्याला बाजूला सरकवलं, त्याच्यामुळेच तर प्लेनचा भाव पडतो. मग दोन फ्लॅशी जुळवले जातात आणि मग पंपाच्या खोलीमागे एक खोकं येतं. दिवेआगरचं पापलेट त्यातूनच आलं होतं. सायलीच्या त्या भावंडाचं काय झालं, ते मी काकांना आजवर विचारलेलं नाही. हिंमत नाही.

पुढच्या शनिवारी टायसनचं ऑपरेशन करून घेतलं. थोड्या महिन्यांनी सायलीचंही.

सायली आता तीन वर्षांची आहे. ती हातवारे शिकली. तळहात खाली म्हणजे बस, अंगठा वर म्हणजे शाब्बास. रात्री बागेतून बोलवायचं तर आम्ही बाल्कनीतला दिवा दोनदा चालू-बंद करतो. झोपेत तिला एकदम हात लावायचा नाही, दचकते. आधी नाकापाशी हात धरायचा, वास येऊ द्यायचा. उन्हात फिरायला नेत नाही, पोटाची गुलाबी कातडी भाजते. रस्त्यावर पट्टा कधीच सोडत नाही, मागून आलेली रिक्षा तिला कळणार नाही. बस्स. एवढंच जास्तीचं काम आहे.

आणि संध्याकाळी मी ऑफिसमधून येते तेव्हा लिफ्टचा आवाज टायसनला ऐकू येतो. तो उठतो. तो उठला की सायली उठते. मी दार उघडते तेव्हा दोघं शेजारी शेजारी उभी असतात, बाप आणि लेक. आई आतून "सायली, आली गं ताई!" म्हणून ओरडते. तिला ऐकू येत नाही, हे आईला माहीत आहे. तरी रोज ओरडते.

तुम्ही कधी बॉक्सर घ्यायला गेलात, तर त्याच्या आईबापांचे रंग विचारा. दोघंही मोजेवाले असले तर बाकीची पिल्लं कुठे आहेत तेही विचारा. आणि टोपलीतलं एखादं प्लेन पोरगं तुमच्या बुटाची नाडी चावायला लागलं, तर पाय मागे घेऊ नका.